घरच्या घरी पिल्लं काढायची आणि ती कुठल्या जातीची, नर की मादी हे ओळखायचं: गोव्याच्या हवेत जमणारी पद्धत

पिल्लं बाहेर आली की दोन प्रश्न हमखास येतात, यातले कोंबडे किती आणि ही जात कुठली. फोटो पाठवून विचारणारे खूप असतात, आणि खरं सांगायचं तर एका दिवसाच्या पिल्लाचा नुसता फोटो बघून ९० टक्के वेळा कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, कारण हे उत्तर पिल्लाच्या अंगावर नसतं, ते त्याच्या आईबापात असतं. म्हणजे ओळखायचं काम अंडी उबवायच्या मशीनमध्ये ठेवताना नाही, त्याच्याही आधी, अंडी गोळा करतानाच सुरू होतं. म्हणून मी सगळं क्रमाने लिहितोय, अंड्यापासून ते तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) आणि कोंबडा वेगळे दिसेपर्यंत. आणि गोव्यात राहून करायचं म्हणजे पावसाळा, दमट हवा, जाणारी लाईट आणि मुंग्या हे सगळं धरूनच लिहिलंय, कारण परदेशी व्हिडिओत सांगितलेले आकडे इथे जसेच्या तसे वापरले की अंड्यातच मेलेली पिल्लं बघायची वेळ येते.

अंडी कुठली घ्यायची

दुकानातली पांढरी पोल्ट्रीची अंडी उबवून काही होणार नाही, त्या कोंबड्यांमध्ये कोंबडाच नसतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी अंडी मिळतात, त्यातली काही फळलेली असतातही, पण ती किती दिवसांची आहेत, किती वेळ उन्हात होती आणि बाप कोण हे विकणाऱ्या बाईलाही माहीत नसतं. खायला उत्तम, उबवायला नको. ज्याच्या परसात कोंबडा फिरताना तुम्ही स्वतः बघितलाय अशा घरची अंडी घ्या, ८ ते १० कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा असेल तर बहुतेक अंडी फळलेली निघतात. शंका असेल तर त्याच घरचं एक अंडं बशीत फोडा, बलकावर पांढरा ठिपका असतोच, पण त्याभोवती स्पष्ट गोल कडं दिसलं तर अंडं फळलेलं, आणि नुसता लहान घट्ट वेडावाकडा ठिपका असेल तर नाही.

आता जातीसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज साठून राहतं, एकदा जोड लागली की साधारण १० दिवस ते २ आठवडे, कधीकधी ३ आठवड्यांपर्यंत ती फळलेली अंडी देत राहते. म्हणजे आज तुम्ही गावठी कोंबडा काढून कडकनाथ सोडला आणि पुढच्या आठवड्यात अंडी ठेवली तर बाप कोण याचा काही भरवसा नाही. जुना कोंबडा काढल्यावर ३ आठवडे अंडी खायला वापरा आणि त्यानंतरचीच उबवा. शेजाऱ्याचा कोंबडा कुंपणावरून येत असेल तर तेही धरून चाला.

अंडं मध्यम आकाराचं, कवच गुळगुळीत, तडा नसलेलं आणि स्वच्छ हवं. घाण असेल तर ते अंडं सोडून द्या, धुऊ नका, कवचावर जो नैसर्गिक थर असतो तो धुतला की जंतू आत शिरतात. टोकदार बाजू खाली ठेवून साठवायचं. साठवायला १५ ते १८ अंश चांगले, पण आपल्याकडे साध्या खोलीतच २८ ते ३० अंश असतात, त्यात गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मग कमजोर होतो, म्हणून गोव्यात ४-५ दिवसांपेक्षा जुनी अंडी मी घेत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, ४-५ अंश फार थंड होतात. एसीच्या खोलीत ठेवत असाल तर चांगलंच, पण बाहेर काढताना काळजी घ्या, आपल्या दमट हवेत थंड अंड्याला लगेच घाम फुटतो आणि त्या ओलीतून जंतू आत जातात. बाहेर काढायच्या आधीच अंडी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि खोलीच्या तापमानाला आली की मगच पिशवी उघडायची.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने (मार्कर नको) तारीख आणि कोंबडीची खूण लिहा. "क-गा" म्हणजे कडकनाथ बाप, गावठी आई, असं काहीही चालेल, पण लिहा.

खुडूक कोंबडी की मशीन

घरात खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी असेल आणि ८-१० अंडीच उबवायची असतील तर मशीन घेऊच नका. विशेषतः पावसाळ्यात, कारण लाईट गेली काय, आली काय, तिला फरक पडत नाही. खुडूक झालेली कशी ओळखायची, तर घरट्यावरून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवते, आवाज बदलतो, छातीखालची पिसं गळून उघडी कातडी दिसते. लगेच चांगली अंडी घालू नका, एक-दोन दिवस साध्या अंड्यांवर बसू दे, टिकली तर रात्री अंधारात हळूच अंडी बदलायची. जुन्या टोपलीत खाली थोडी वाळू, वर गवत, आणि अंगावर उवा असतील तर आधी राखेत लोळू द्यायची, कारण उवांनी हैराण झालेली कोंबडी अर्ध्यावर उठून जाते. सगळी अंडी एकाच रात्री ठेवा, रोज एक-एक टाकत गेलात तर पहिलं पिल्लू आल्यावर ती बाकीची सोडून देईल. दिवसातून एकदा १०-२० मिनिटं खायला-प्यायला उठते, तेवढी अंडी थंड झाली तरी काही होत नाही.

जागा मात्र बंद हवी. मुंगूस, धामण, घूस आणि घोरपड हे सगळे आपल्या परसात येतातच. आणि लाल मुंग्या, त्यांचा विचार कोणी करत नाही, पण कवच फुटायला लागलं की वासाने येतात आणि अर्धं बाहेर आलेलं पिल्लू मारून टाकतात. टोपली असो की मशीन, ती स्टूलवर ठेवा आणि स्टूलचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत.

मशीन: तापमान सोपं, पाणी अवघड

पंखा असलेलं मशीन असेल तर ३७.५ अंश, पंखा नसलेल्या पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास. थर्माकोलच्या खोक्यात घरी बनवलेलं असेल तर त्यात तापणारा जुना पिवळा बल्ब लागतो, एलईडी गरम होत नाही, आणि एकाऐवजी दोन लहान बल्ब लावा म्हणजे एक उडाला तरी दुसरा सांभाळून घेतो. वायरिंग माहितगाराकडूनच करून घ्या, आत पाणी असतं. मशीनवर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तापाचा डिजिटल थर्मामीटर आत ठेवून तपासा. अंडी ठेवायच्या आधी एक पूर्ण दिवस मशीन रिकामं चालवा, रात्री आणि दुपारी आकडा किती हलतो ते बघा.

लाईट गेली की घाबरून झाकण उघडू नका. चादर गुंडाळा, आत गरम पाण्याची बाटली ठेवता आली तर ठेवा, २-३ तास सहज निघतात. अंडी थोडी थंड झालेली चालतात, जास्त तापलेली चालत नाहीत, ४० अंशांत काही तास गेले की खेळ संपला. म्हणूनच मशीन खिडकीच्या उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवायचं नाही.

आता पाणी. सगळीकडे लिहिलेलं असतं की पहिले १८ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. हे बरोबर आहे, पण त्यासाठी मशीनमध्ये पाणी घालायचं की नाही हे बाहेरच्या हवेवर ठरतं. जुलैमध्ये बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते, तीच हवा मशीनमध्ये ३७.५ ला तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या जवळ येते. म्हणजे पावसाळ्यात पहिले १८ दिवस पाणी अजिबात घालायचं नाही, भांडं कोरडं! लोक पुस्तकातलं वाचून पाणी भरतात, आत ७० टक्के होतं, अंड्यातलं पाणी बाहेर जात नाही, आतली हवेची जागा लहान राहते आणि पिल्लू पूर्ण तयार होऊन शेवटच्या दिवशी आतच बुडून मरतं. उलट डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी बाहेर ३० अंश आणि ५० टक्के असेल तर मशीनमध्ये ती ३३ टक्क्यांवर येते, तेव्हा पाणी घालावंच लागतं, नाहीतर आतला पडदा सुकून पिल्लाला चिकटतो.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र कितपत खरं बोलतं ते मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोडं पाणी टाकून नुसतं ओलसर करा (विरघळवायचं नाही), ते आणि यंत्र एका हवाबंद डब्यात ८-१० तास ठेवा, आकडा ७५ दिसला पाहिजे. ७० दाखवत असेल तर तुमचं यंत्र ५ ने कमी दाखवतं, तेवढं धरून चाला.

पण त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. अंडं १८ दिवसांत साधारण १२ टक्के वजन गमावतं, ते गेलेलं पाणीच असतं. १० अंडी मिळून ५०० ग्रॅम असतील तर सातव्या दिवशी ४७७ च्या आसपास, चौदाव्या दिवशी ४५३ आणि अठराव्या दिवशी ४४० हवीत. वजन जास्त राहिलं तर पाणी काढा आणि हवेची भोकं उघडा, फार कमी झालं तर पाणी वाढवा. मधेच खराब अंडी काढून टाकली असतील तर त्यांचं सुरुवातीचं वजनही हिशोबातून वजा करायचं, म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक अंडं वेगळं तोलून त्यावरच ग्रॅम लिहिलेले बरे.

अंडी दिवसातून ३ किंवा ५ वेळा फिरवायची, विषम आकडा एवढ्यासाठी की रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जाऊ नये. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. हात स्वच्छ धुऊन.

टॉर्च लावून बघणं

सातव्या रात्री खोलीत पूर्ण अंधार करून मोबाईलची टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला लावा. आत लाल बारीक शिरांचं जाळं आणि मध्ये एक हलणारा काळा ठिपका दिसला की जिवंत आहे. सगळं पिवळसर स्वच्छ दिसलं तर अंडं फळलेलंच नव्हतं, आणि शिरा नसून एक लाल गोल रिंग दिसली तर सुरू होऊन मेलेलं. ही दोन्ही काढून टाका, कुजलेलं अंडं मशीनमध्ये फुटलं तर बाकीची जातात. कडकनाथ आणि तपकिरी कवचाच्या अंड्यात इतकं स्वच्छ दिसत नाही, तिथे घाई न करता दहाव्या दिवशी पुन्हा बघा. अठराव्या दिवशी अंडं जवळजवळ पूर्ण काळं दिसतं आणि बोथट टोकाला हवेची जागा तिरकी, साधारण अंड्याच्या एक तृतीयांश असते.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, अंडी आडवी, खाली जाळीदार कापड किंवा रबरी मॅट म्हणजे पाय घसरणार नाहीत, पाणी भरा (आता पावसाळ्यातही), हवेची भोकं उघडी, आणि झाकण बंद म्हणजे बंद. पिल्लू आधी आतल्या पडद्याला चोच मारून हवेच्या जागेत श्वास घेतं, तेव्हा अंड्यातून चिवचिव ऐकू येते, मग बाहेर एक बारीक तडा जातो. त्यानंतर कित्येक तास काहीच होत नाही. सगळ्यांचा धीर इथेच सुटतो. पिल्लू तेव्हा विश्रांती घेत असतं, कवचाच्या आतल्या शिरांमधलं रक्त आणि पोटाजवळचा बलक आत ओढून घेत असतं, १२ ते २४ तास लागू शकतात. त्यावेळी तुम्ही कवच सोललंत तर त्या शिरा फुटून पिल्लू रक्त जाऊन मरतं. नंतर मात्र ते गोल फिरत बोथट बाजूने कवच कापत जातं आणि तासाभरात बाहेर. तडा गेल्यावर २४ तास उलटून गेले, पडदा पांढरा आणि कागदासारखा कोरडा दिसतोय, शिरा नाहीत, तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पडदा ओला करून थोडं सोडवायचं, रक्ताचा एक थेंब दिसला की थांबायचं.

बाहेर आलेलं पिल्लू पूर्ण सुकून फुलेपर्यंत आतच ठेवा. पोटात बलक असतो, दोन दिवस खायला नसलं तरी चालतं.

बाहेर काढताना प्रत्येकाच्या पायात रंगीत रिंग घाला आणि कुठल्या अंड्यातून आलं ते वहीत लिहा, दोन वेगळ्या जोड्यांची अंडी असतील तर शेवटच्या तीन दिवसांत मध्ये जाळीचा पडदा घालून ठेवा, नाहीतर सगळी मिसळतात. पाय भराभर जाडे होतात, रिंग दर आठवड्याला बदलायची. डोकं, पाठ, पंख आणि पाय असे चार फोटो पहिल्याच दिवशी काढा, कारण ती लव आठवड्याभरात जायला लागते आणि ओळखण्याच्या अर्ध्या खुणा तिच्याबरोबर जातात.

पहिले काही आठवडे

पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बल्ब बंदच ठेवावा लागतो, पिल्लं बल्बखाली गर्दी करत असतील तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडून बसली असतील तर गरम होतंय. खाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकतात, गोणपाट किंवा भाताचं तूस घाला. पाण्याच्या वाटीत गोटे टाका म्हणजे बुडणार नाहीत. चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) द्या, नुसत्या कण्यांवर वाढवलेली पिल्लं जगतात पण पिसं उशिरा येतात, आणि मग पिसांवरून नर-मादी ओळखणंही चुकतं. तूस ओलं राहिलं की तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण लागते, पावसाळ्यात रोज तूस हलवा.

मानमोडीची लस चुकवू नका, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा, मध्ये चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची. कुपी शंभर किंवा जास्त डोसांची असते आणि मिसळल्यावर एक-दोन तासांतच संपवावी लागते, म्हणून वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी करा, बर्फात ठेवून. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

जात ओळखणं

आधी एक गोष्ट मान्य करूया, आपल्या परसातली बहुतेक कोंबडी मिश्र असते आणि त्यात वाईट काही नाही. वनराजा, ग्रामप्रिया, श्रीनिधी ही नावं ऐकली असतील, ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली संकरित कोंबडी. ओल्ड गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, परसातल्या कोंबड्यांबद्दल काही विचारायचं असेल तर तिथे जाऊन विचारा. पण हे लक्षात घ्या, वनराजाची अंडी घरी उबवून जी पिल्लं येतील ती वनराजा नाहीत, संकराची पुढची पिढी आईबापासारखी निघत नाही, कोणी जड, कोणी हलकं, रंग हवे तसे. त्यांना "वनराजा" म्हणून विकणं बरोबर नाही.

पिल्लावर बघायचं काय, तर लवेचा रंग, पायांचा रंग, बोटं, तुऱ्याचा आकार आणि मान. गावठी पिल्लाच्या पाठीवर खारीसारखे गडद-फिके पट्टे असतात, हा रानकोंबड्याचा मूळ नमुना आहे. ऱ्होड आयलंड रेड गंजलेल्या लाल रंगाचं, तुरा एकेरी, पाय पिवळे. पांढरं लेगहॉर्न पिवळंधमक. असीलला तुरा चपटा, तीन ओळींचा, पाय लांब आणि पहिल्या महिन्यापासूनच ताठ उभं राहणं. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला कडकनाथ, त्याची लव काळपट-निळसर, कधी पाठीवर अस्पष्ट पट्टे, आणि चोच, पाय, जीभ, कातडी सगळं काळपट. कडकनाथ म्हणून घेतलेल्या पिल्लाला पाच बोटं असतील तर त्यात सिल्कीचं रक्त आहे, कडकनाथला चारच असतात. नुसती काळी पिसं म्हणजे कडकनाथ नाही, जीभ आणि तोंडाच्या आतली कातडी उघडून बघा.

काही खुणा बापाच्या किंवा आईच्या एकाच बाजूने येऊनही दिसतात, त्या ओळखायला सोप्या. उघडी मान ही अशीच, दोन्हीकडून आली तर मान पूर्ण उघडी, एकीकडूनच आली तर मानेच्या पुढच्या खालच्या बाजूला पिसांचा एक झुबका राहतो, म्हणजे झुबकेवालं पिल्लू मिश्र हे नक्की. चपटा तुरा आणि गुलाब तुरा (इंग्रजीत रोज कोंब) हेही एकेरी तुऱ्यावर मात करतात, आणि दोन्ही एकत्र आले की अक्रोडासारखा गोळा तुरा येतो. उलट पिवळी कातडी दोन्हीकडून यावी लागते, पांढऱ्या पायांच्या जोडीला पिवळ्या पायाचं पिल्लू झालं तर दोघांतही ती लपलेली होती. या पिवळ्या रंगाची गोष्ट आपल्या घराजवळची आहे, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की कोंबड्यांतलं पिवळ्या कातडीचं जनुक लाल रानकोंबड्याकडून नाही तर करड्या रानकोंबड्याकडून आलं, म्हणजे सत्तरीत आणि मोलेच्या जंगलात पहाटे आरवतो त्याच्याकडून. त्याची अंडी जंगलातून आणून उबवणं मात्र कायद्याने गुन्हा आहे, ते कोणी करू नका.

नर की मादी

आधी समजुती. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, पिल्लावर सुई-दोरा लोंबवणं, पाय धरून उलटं केलं की मान वर उचलतो तो नर, यातलं काहीही खरं नाही. शेजारच्या काकी दरवर्षी माझ्याकडून गोलच अंडी मागून नेतात, मी देतोही, पिल्लं अर्धी-अर्धीच निघतात. पक्ष्यांत नराकडे झेड-झेड आणि मादीकडे झेड-डब्ल्यू अशी गुणसूत्रं असतात, म्हणजे नर की मादी हे कोंबडी ठरवते, अंडं घालायच्या आधीच, आणि मशीनचं तापमान कमी-जास्त करून ते बदलत नाही.

हॅचरीत एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार दाबून आतला बारीक उंचवटा बघतात, ही जपानमध्ये १९२० च्या दशकात पुढे आलेली पद्धत, तिला मोठं प्रशिक्षण लागतं, घरी करू नका, पिल्लाची आतडी दुखावतात. पंखांवरून ओळखणं म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशी पंख पसरून बघायचं, खालची लांब पिसं वरच्यापेक्षा लांब असली तर मादी, सारखी असली तर नर. व्हिडिओत हे खूप दाखवतात, पण हे फक्त तेव्हाच चालतं जेव्हा बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची मुद्दाम निवडलेली असते. गावठी पिल्लांवर याचा काही उपयोग नाही.

घरी जमणारी पहिल्या दिवसाची पद्धत एकच, रंगाची, आणि तिच्यासाठी जोडी तुम्ही लावायला हवी. यामागचं कारण सोपं आहे, कोंबडी आपलं झेड फक्त मुलग्यांना देते, म्हणून त्या झेडवर जी खूण असेल ती मुलग्यांत दिसते आणि मुलींत दिसत नाही. आडव्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची कोंबडी (प्लायमाउथ रॉकसारखी) आणि पट्टे नसलेला लाल किंवा काळा कोंबडा अशी जोडी लावा. पिल्लं काळी येतील, ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका तो नर, डोकं पूर्ण काळं ती मादी. कोंबडा पांढरा नको आणि उलटी जोडी नको, पट्टेवाला कोंबडा घेतला तर ठिपका सगळ्यांच्याच डोक्यावर येतो. दुसरी जोडी, ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि लाइट ससेक्ससारखी चंदेरी कोंबडी, यात फिकी पिवळी पिल्लं नर आणि तांबूस ती माद्या. तपकिरी अंडी देणाऱ्या लेअर कोंबड्यांच्या हॅचरीत हेच करतात, आणि जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवून विकायला असतात ती बहुतेक अशा हॅचरीतून बाहेर काढलेली नर पिल्लं. बारावीला पनेट स्क्वेअर शिकलात ना, त्याच रेजिनाल्ड पनेट यांनी केंब्रिजमध्ये पट्ट्यांचं हे जनुक वापरून शुद्ध जातीतच पिल्लू नर-मादी ओळखता येईल अशी कॅम्बार जात तयार केली.

आपल्याकडे कडकनाथ आता बऱ्याच घरी आहे म्हणून हेही सांगतो. शुद्ध कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांची कोंबडी यांच्या पिल्लांत मुली बापासारख्या काळ्या कातडीच्या होतात आणि मुलगे उजळ, कारण काळेपणा दाबणारं जनुक आईच्या झेडवर असतं आणि ते मुलग्यांनाच मिळतं. हे पहिल्या दिवशी नीट दिसत नाही, काही आठवड्यांनी पायांवर आणि चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

जोडी माहीत नसेल तर वाट बघायची.

गावठी पट्टेदार पिल्लांत पहिल्या दिवशी एक अंदाज लागतो, मादीच्या डोळ्यापासून मागे जाणारी गडद रेघ ठळक आणि पाठीचा पट्टा रेखीव असतो, नराचा पुसट. हा अंदाजच आहे, वहीत प्रश्नचिन्हासकट लिहा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मादीला शेपूट आणि पाठीची पिसं आधी येतात, नराची पाठ-खांदे उघडे राहतात, पाय जाडे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुरा बघा, मोठा आणि लालसर झाला तर कोंबडा, लहान आणि फिका पिवळा राहिला तर तलंग. असीलसारख्या चपट्या तुऱ्यात रुंदी बघायची, मधली ओळ फुगून लाल झाली की नर. कडकनाथचा तुरा काळपटच असतो, तिथे रंग सोडा, आकार बघा. याच सुमारास पट्टेदार गावठीत नराच्या छातीवर काळी पिसं यायला लागतात आणि मादीची छाती फिकी तांबूस राहते.

खात्री मात्र आठव्या ते बाराव्या आठवड्यातच. रात्री पिल्लं शांत झाली की एक उचलून मांडीवर घ्या, टॉर्च लावा आणि शेपटीच्या वरची पाठ बघा, जिथे कंबर संपते. जुन्या गोल पिसांमधून नवीन कोंब फुटलेले असतात, त्यातलं एक बोटाने सरळ करून बघा. टोक निमुळतं, अरुंद, चकचकीत आणि कडेला झालरीसारखं सुटं असेल तर तो कोंबडा, मग तुरा कितीही लहान असो. टोक गोल आणि मऊ असेल तर तलंग. मानेची पिसंही तशीच, पण मी पाठच बघतो, मानेवर कधीकधी फसायला होतं. उघड्या मानेच्या पिल्लांत तर पाठच बघावी लागते.

आरवण्याची वाट बघू नका, काही कोंबडे दोन महिन्यांतच सुरू करतात आणि मोठ्या कोंबड्याच्या धाकातला चार महिने तोंड उघडत नाही. पायामागच्या काट्यावरही जाऊ नका, म्हाताऱ्या कोंबड्यांनाही काटा येतो. आणि अंडी देणारी कोंबडी अचानक आरवायला लागली तर आपल्याकडे अपशकुन म्हणून कापतात, त्यात अपशकुन काही नाही, कोंबडीचं डावं एकच अंडाशय काम करत असतं आणि ते आजाराने बिघडलं की संप्रेरकं बदलतात, कधी नुसता कोंबडा जवळ नसला तरी एखादी वरचढ कोंबडी आरवते.

नर ओळखले की चौथ्या महिन्याच्या आत वेगळे करा, तोपर्यंत ते बहिणींवर चढायला लागतात. त्यातला पायाने सरळ, न भांडता खाणारा, आजारी न पडलेला एक दुसऱ्या वाड्यावरच्या कोंबड्याशी बदलून घ्या म्हणजे रक्त बदलतं, बाकीचे शागोतीला. श्रावण आणि चवथीच्या दिवसांत घरोघरी मांस बंद असतं, त्यामुळे तेव्हा वयात येणारे कोंबडे उगाच दाणे खात बसतात, म्हणून विकायचे असतील तर अंडी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठेवा, गावठी कोंबडा ५-६ महिन्यांचा होतो तेव्हा मे-जून लागलेला असतो. तलंगा सहाव्या-सातव्या महिन्यात पहिलं अंडं घालतील, ते लहान असतं, ते उबवायला घेऊ नका, पुढचे दोन महिने खाऊन मग वही उघडा.